अजून मारिओच का खेळतोस? नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या सिडकोतल्या घरी दर शनिवारी संध्याकाळी हॉलमध्ये जुना डबा टीव्ही लागतो, त्याला कॅसेटवाला व्हिडिओ गेम जोडतो आणि बिल्डिंगमधली पाच-सहा पोरं, माझी भाची, कधीकधी पोरांना न्यायला आलेले त्यांचे पप्पा सुद्धा बसतात ते उठतच नाहीत. आता चार वर्षं झाली हे चालू आहे. लोकं येतात, बघतात आणि प्रश्न विचारतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढलंय. काही उत्तरं लांब झालीत कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

नक्की कुठला मारिओ? ढीगभर आहेत ना?

हो, भरपूर आहेत. मी बोलतोय तो सुपर मारिओ ब्रदर्स, जो १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आला. डिझाईन शिगेरु मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांचं, म्युझिक कोजी कोंडो यांचं. ८ वर्ल्ड, एकेकात ४ स्टेज, म्हणजे एकूण ३२ स्टेज. आपल्याकडे ९० च्या दशकात घराघरात जो व्हिडिओ गेम आला तो बहुतेक वेळा फॅमिकॉमची नक्कल असायची आणि त्याच्यासोबत ९९९९९९ इन १ लिहिलेली पिवळी कॅसेट यायची, त्याच्यातला मारिओ तो हाच. (त्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजकेच असायचे, बाकी सगळे तेच गेम पण वेगळ्या स्टेजपासून सुरू होणारे, आम्ही एका सुट्टीत लिस्ट खाली खाली नेत हे शोधून काढलं होतं.)

मारिओ आधी सुतार होता हे खरं का?

खरं. १९८१ च्या डाँकी काँगमध्ये तो पहिल्यांदा आला तेव्हा नाव होतं जम्पमॅन आणि धंदा सुतारकाम. प्लंबर झाला १९८३ च्या मारिओ ब्रदर्समध्ये, कारण तिथे सगळीकडे पाईप होते.

आजची पोरं खरंच खेळतात का की तू बळंच बसवतोस?

मी कोणालाच बसवत नाही. पहिल्या शनिवारी मी एकटाच खेळत होतो, दार उघडं होतं, समोरच्या फ्लॅटमधला सहावीतला मुलगा आवाज ऐकून आत डोकावला आणि दारातच उभा राहून बघत राहिला. त्याच्या हातात मोबाईल होता, त्याच्यात भारी ग्राफिक्सचे गेम होते, तो मोबाईल त्याने चप्पल काढायच्या स्टँडवर ठेवला आणि म्हणाला काका एक चान्स द्या ना. त्या एका चान्सचे दीड तास झाले. पुढच्या शनिवारी तो दोन मित्र घेऊन आला.

पोरांना हा गेम १९८५ चा आहे की परवाचा आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. रिमोट (म्हणजे गेमचा, बटणांचा) हातात घेतल्यावर पहिल्या दहा सेकंदात हाताला काय वाटतं तेवढ्यावर ते ठरवतात, आणि त्या दहा सेकंदात मारिओ आजही जिंकतो.

पण आहे काय एवढं त्याच्यात? दोन बटणं आणि चार बाण तर आहेत.

उडी. माझं उत्तर एका शब्दात विचाराल तर उडी, बाकी सगळं त्याच्या नंतर.

नीट बघा. ए बटण नुसतं टिचकी मारल्यासारखं दाबलं तर तो छोटी उडी मारतो, दाबून धरलं तर उंच जातो, म्हणजे उडी किती मोठी हे तुमचं बोट ठरवतं आणि ते सुद्धा उडी चालू असताना. बी दाबून पळत येऊन मारली तर अजून उंच जाते, उभ्याने साधारण चार विटा, पळत येऊन पाचच्या आसपास. हवेत असताना डावीकडे-उजवीकडे थोडं वळवता येतं पण पूर्ण नाही, अंगाला वेग असतोच. जोरात पळताना एकदम उलटा बाण दाबला तर तो लगेच थांबत नाही, घसरतो, मग वळतो. या सगळ्या गोष्टी आधीच्या बऱ्याच गेममध्ये नव्हत्या, तिथे उडी म्हणजे ठरलेली एकच उडी, एकदा मारली की खाली येईपर्यंत तुमच्या हातात काही नाही.

लगोरी खेळलेल्यांना मी असं सांगतो: चेंडू हातातून सुटला त्याच क्षणी आपल्याला कळतं की लागणार की नाही, बरोबर? लागायच्या आधीच कळतं. मारिओत तसंच आहे, खड्ड्याच्या काठावरून पाय सुटला की हाताला कळतं पोचतोय की नाही, आणि अर्ध्या सेकंदात कधीकधी सावरता पण येतं. हे एकदा हाताला कळायला लागलं की माणूस सोडत नाही.

आणि याच्यातूनच दुसरी गोष्ट येते जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: मेलो तर चूक माझी. गेमने फसवलं असं जवळजवळ कधीच वाटत नाही. आमच्या शनिवारच्या पोरांना बघा, कोणी खड्ड्यात पडला तर तो रिमोटवर चिडत नाही, म्हणतो "अरे मी लवकर सोडलं". लवकर सोडलं! म्हणजे त्याला माहितीये नक्की काय चुकलं, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते पण. आजकाल मोबाईलवर बऱ्याच गेममध्ये मेलं की जाहिरात बघा नाहीतर पैसे भरा, तिथे पोरगं काय शिकणार? इथे मेलं की फक्त पुन्हा सुरुवात.

पहिल्या स्टेजचं लोक एवढं कौतुक का करतात? सोपी तर आहे.

सोपी आहे म्हणूनच. ती स्टेज शिक्षक आहे आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. मियामोतोंनी स्वतः सांगितलंय की १-१ (म्हणजे वर्ल्ड १ ची स्टेज १) त्यांनी सगळ्यात शेवटच्या काळात केली, बाकी गेम काय आहे ते कळल्यावर.

माझी भाची सात वर्षांची असताना पहिल्यांदा बसली तेव्हा मी ठरवलं की एक शब्द बोलायचा नाही, फक्त बघायचं. मारिओ डाव्या कडेला उभा, तोंड उजवीकडे, समोर मोकळी जागा, म्हणजे जायचं कुठे हे न सांगता कळलं. मग एक चमकणारी प्रश्नचिन्हाची वीट आणि खालून चालत येणारा तो तपकिरी गुम्बा, गेममधला पहिला शत्रू. ती सरळ जाऊन त्याला धडकली आणि मेली. ठीक, तीन सेकंदाचंच नुकसान. दुसऱ्या वेळी घाबरून उडी मारली, डोकं विटेला लागलं, नाणं निघालं, तिचे डोळे मोठे झाले. तिसऱ्या वेळी गुम्बाच्या डोक्यावर पडली आणि तो चपटा झाला. तीन प्रयत्नांत तीन गोष्टी शिकून झाल्या.

आता खरी गंमत पुढे आहे. पुढच्या रांगेतल्या विटेतून मशरूम निघतं, ते उजवीकडे सरकत जातं, खाली पडतं, पाईपला आपटतं आणि उलटं तुमच्याकडेच येतं. आत्ताच गुम्बाने मारलेलं असल्यामुळे नवीन माणूस मशरूमला पण घाबरतो, भाची पण घाबरली, पळायला उडी मारली तर वरती विटांची रांग, डोकं आपटून खाली आली ती थेट मशरूमवर. आणि मोठी झाली! "मामा मी मोठी झाले!" असं ओरडली की स्वयंपाकघरातून ताई बघायला आली. ती रांग आणि तो पाईप नेमके त्यासाठीच तिथे ठेवलेत, की घाबरलेल्या माणसाला सुद्धा मशरूम मिळावंच.

स्टेजच्या शेवटाकडे अजून एक आहे. समोरासमोर दोन जिने येतात आणि मधे जमीन आहे, उडी चुकली तरी काही होत नाही, खाली उतरून पुन्हा चढायचं. थोडं पुढे गेलं की अगदी तसेच दोन जिने, पण आता मधे खड्डा. आधी न मारता सराव करून घेतला आणि मग परीक्षा घेतली. मी शाळेत इतकी वर्षं काढली पण इतक्या शांतपणे शिकवणारे सर मला फार थोडे भेटले.

तुम्हा मराठी मीडियमवाल्यांना तेव्हा इंग्लिश कुठे येत होतं? मग कळायचं कसं?

वाचायची गरजच नव्हती की. आम्ही नाशिक रोडला राहायचो, बाबा प्रेसमध्ये कामाला, १९९६ च्या दिवाळीत बोनस झाला तेव्हा घरात गेम आला. एबीसीडी यायची, वाक्यं नाही. किल्ल्यातला ड्रॅगन पडला की पुढच्या खोलीत एक टोपीवालं बुटकं उभं असतं आणि वरती इंग्लिशमध्ये दोन ओळी येतात, आम्ही दादाला विचारायचो काय लिहिलंय, तो म्हणायचा "लिहिलंय की शाब्बास, आता पुढे जा". कितीतरी वर्षांनी मी ते स्वतः वाचलं तेव्हा कळलं की तो बुटका सांगतोय राजकन्या दुसऱ्या किल्ल्यात आहे. मला तोपर्यंत राजकन्या आहे हेच माहिती नव्हतं आणि तरी मी सातव्या वर्ल्डपर्यंत जाऊन आलेलो! जपानी माणसाने केलेला, इंग्लिश अक्षरं असलेला गेम, आणि तो नाशिक रोडच्या क्वार्टरमधल्या नऊ वर्षांच्या पोराला पूर्ण कळला. जगभर ४ कोटींच्या वर कॅसेट विकल्या गेल्या त्या उगाच नाही, आणि आमच्यासारख्या नक्कल मशीनवाल्यांची तर त्यात मोजदाद पण नाही.

नावं आमची आम्ही ठेवलेली. कूपा म्हणजे कासव, बाऊझर म्हणजे ड्रॅगन, आगीचं फूल मिळालं की "गोळ्या आल्या", स्टार मिळाला की "पावर". अजूनही शनिवारी हीच नावं चालतात.

एवढा गेम त्या काळी बसवला कसा?

पूर्ण गेम ४० केबी. ३२ केबी प्रोग्राम आणि ८ केबी चित्रं. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा सुप्रभातचा एक फोटो याच्यापेक्षा मोठा असतो. मशीनमध्ये काम करायला रॅम फक्त २ केबी.

म्हणून प्रत्येक गोष्टीत काटकसर आहे, आपल्या आज्या कशा जुन्या साडीची गोधडी करायच्या तशी. ढग आणि झुडपं नीट बघा, एकच चित्र आहे, ढगाला पांढरा रंग आणि झुडपाला हिरवा. हे मी पोरांना दाखवलं तेव्हा दहा मिनिटं खेळ थांबला, प्रत्येकाला जवळ जाऊन बघायचं होतं. गुम्बा चालतो ते पण असंच, एकच चित्र डावं-उजवं उलटं करत राहतात की पाय हलल्यासारखे वाटतात. मारिओची मिशी, टोपी, ते खांद्यावर पट्टे असलेले कपडे सगळं याच्यातूनच आलं, अगदी डाँकी काँगपासून: एवढ्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना म्हणून मिशी, उडताना केस हलवायला नकोत म्हणून टोपी, आणि हात अंगावरून वेगळे दिसावेत म्हणून तसे कपडे.

स्टेज आधी आलेख कागदावर हाताने काढायचे. चौकोन चौकोन रंगवून. मला ही गोष्ट फार आवडते कारण त्याच्यामुळे एक-एक वीट कोणीतरी विचार करून ठेवलेली आहे, उगाच भरलेली जागा नाही.

ते म्युझिक डोक्यातून जात का नाही?

कारण ते उडीला जुळवलेलं आहे. कोजी कोंडोंनी आधी एक चाल केली होती, ती मारिओच्या पळण्या-उडण्याला बसेना म्हणून सोडून दिली आणि नवी केली. मशीनमधून एका वेळी मोजकेच आवाज निघू शकतात, म्हणून तुम्ही उडी मारली की म्युझिकमधलाच एक आवाज क्षणभर बाजूला होतो आणि त्याच्या जागी उडीचा आवाज वाजतो, म्हणजे खेळणारा माणूस सुद्धा त्या गाण्यात वाजवत असतो. पुढच्या वेळी डोळे मिटून ऐका कोणीतरी खेळत असताना.

२०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जपून ठेवायच्या ध्वनिमुद्रणांच्या यादीत ही चाल घेतली, व्हिडिओ गेमचं पहिलंच संगीत. मला ते वाचून जो आनंद झाला तो घरच्याच माणसाला पुरस्कार मिळाल्यासारखा होता. वेळ १०० च्या खाली गेला की चाल फास्ट होते ना, तेव्हा आमच्या हॉलमध्ये बसलेले सगळे आपोआप पुढे सरकतात, दर वेळी.

स्क्रीनवर ४०० सेकंद असतात ना?

सेकंद नाहीत ते. तो आकडा खऱ्या सेकंदापेक्षा लवकर उतरतो, ४०० म्हणजे प्रत्यक्षात २ मिनिटं ४० सेकंद.

मागे का जाता येत नाही?

तसाच बनवलाय. स्क्रीन फक्त पुढे सरकते, सुटलं ते सुटलं.

दोघं मिळून खेळता येतं का?

एका वेळी नाही. एक मेला की दुसऱ्याचा चान्स. पहिला मारिओ, दुसरा लुईजी, आणि या गेममध्ये दोघांत कपड्यांच्या रंगाशिवाय काहीच फरक नाही, लुईजीची जास्त उंच उडी १९८६ च्या पुढच्या भागात आली. आमच्या घरी दादा कायम मारिओ आणि मी कायम लुईजी, आणि मी भांडून सांगायचो की लुईजी जास्त पळतो. तो पळत नाही, पण मला तेव्हा तसं वाटायचं आणि वाटण्यानेच मी चांगला खेळायचो.

चान्सची वाट बघणं ही पण यातली मोठी गोष्ट आहे. हातात रिमोट नसताना तुम्ही बघता, दुसरा कुठे चुकला ते शिकता, ओरडता, "आता, आता दाब!" शनिवारी सहा पोरांत दोन रिमोट असतात आणि त्यामुळेच ते सहाजण एकत्र खेळतात.

झेंड्यावर उडी मारल्यावर कधी फटाके फुटतात, कधी नाही. नशीब का?

आम्ही पण तेच समजायचो. दादाचं म्हणणं होतं झेंड्याच्या टोकाला हात लागला की फुटतात, टोकाचा फायदा आहेच, ५००० पॉइंट मिळतात, पण फटाक्यांचा संबंध वेळेशी आहे. झेंडा धरला तेव्हा वेळेचा शेवटचा आकडा १ असेल तर १ फटाका, ३ असेल तर ३, ६ असेल तर ६. बाकी आकड्यांना काही नाही. आता आमच्याकडची पोरं झेंड्यासमोर थांबून ६ ची वाट बघतात.

शॉर्टकट कुठे कुठे आहेत?

मुख्य दोन ठिकाणी. १-२ म्हणजे जमिनीखालच्या स्टेजच्या शेवटी वरच्या विटांवर चढून छतावरून पळत सुटायचं, बाहेर जायच्या पाईपच्या वरून पुढे गेलं की तीन पाईप येतात, वर्ल्ड २, ३ आणि ४. दुसरा ४-२ मध्ये: एका विटेतून वेल निघते, ती चढून गेलं की ६, ७ आणि ८ चे पाईप. ४-२ मध्येच छतावरून गेलात तर एकच पाईप मिळतो, वर्ल्ड ५ चा.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा खेळणाऱ्याने शॉर्टकट मारू नये, तिसऱ्या वर्ल्डच्या रात्रीच्या स्टेज त्याच्यात सुटून जातात.

मायनस वर्ल्ड खरंच आहे?

आहे. १-२ च्या शेवटी भिंतीतून एका विशिष्ट प्रकारे आत घुसलात आणि शॉर्टकटची पाटी यायच्या आत पाईपमध्ये गेलात तर वर्ल्डचा आकडा नीट छापला जात नाही, आतल्या आत तो ३६ असतो, आणि ३६ नंबरचं चित्र म्हणजे मोकळी जागा, म्हणून स्क्रीनवर नुसतं "-१" दिसतं. पाण्याची स्टेज आहे, शेवटचा पाईप पुन्हा सुरुवातीलाच आणतो, संपतच नाही. मुद्दाम ठेवलेली नाही, गडबड आहे.

३-१ मध्ये लाईफच लाईफ मिळतात ते कसं?

शेवटच्या जिन्यावरून कासवं उतरतात, त्यातल्या एकाला जिन्यावर असताना दाबायचं, मग त्याची पाठ पायरीला आपटून परत पायाखाली येते आणि तुम्ही उड्या मारत राहता, काही उड्यांनंतर प्रत्येक उडीला एक लाईफ. पण एक सांगतो, हाव धरू नका. लाईफ १२७ च्या वर गेल्या की आकडा उलटतो आणि नंतर मेलात की थेट गेम ओव्हर. आमच्या इथला एकजण अर्धा तास उड्या मारत बसला होता आणि एका खड्ड्यात सगळं गेलं, रडवेला झाला होता बिचारा.

लोकं पाच मिनिटांत संपवतात म्हणे?

हो. १-१, १-२, मग ४-१, ४-२, मग ८ च्या चारही, अशा फक्त आठ स्टेज. २०२१ मध्ये पहिल्यांदा माणसाने ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत गेम संपवला आणि तेव्हापासून लढाई सेकंदाच्या तुकड्यांची आहे.

त्याच्यातली एक गंमत सांगतो. स्टेज संपल्यावर पुढची लगेच सुरू होत नाही, गेम दर २१ फ्रेमने (स्क्रीनवरचं एक चित्र म्हणजे एक फ्रेम) बघतो की सोडायचं का, म्हणजे साधारण सेकंदाच्या तिसऱ्या भागाला एकदा. मुंबई नाक्याच्या सिग्नलसारखं आहे, तुम्ही कितीही गाडी पळवत आलात तरी सिग्नल त्याच्या टायमालाच सुटणार. पाव सेकंद वाचवला पण सिग्नल तोच मिळाला तर फायदा शून्य, त्याच्या आधीचा सिग्नल गाठला तरच फायदा. फक्त शेवटच्या ८-४ ला सिग्नल नाही, तिथे प्रत्येक फ्रेम मोजली जाते. चाळीस केबीच्या गेममध्ये अजून माणसं सेकंदाचे तुकडे शोधतायत.

कॅसेट फुंकली की चालते ना?

फुंकल्याने नाही, काढून परत लावल्याने चालते. पिना पुन्हा घासून नीट बसतात म्हणून. फुंकीतल्या ओलाव्याने उलट पिना खराब होतात, निन्टेन्डोने स्वतः फुंकू नका म्हणून सांगितलंय. आम्ही सगळ्यांनी फुंकलंय, मी पण, आणि माझी पहिली कॅसेट त्याच्यातच काळी पडली.

आता मी असं करतो: मशीन बंद, कॅसेट काढायची, पिनांवरून शाळेचं पांढरं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, चुरा ब्रशने झटकायचा, मग कानाच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं, पूर्ण वाळल्यावरच लावायचं. काळी काडी बघितली की कळतं किती वर्षांची घाण होती. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात मला एक कॅसेट मिळाली होती, विकणारा म्हणाला बंद आहे, असंच घेऊन जा, घरी आणून हेच केलं आणि पहिल्याच फटक्यात स्क्रीनवर निळं आकाश आलं.

मग नवीन एलईडी टीव्हीला का लावत नाहीस? डबा कशाला सांभाळतोस?

नवीन टीव्ही चित्र दाखवायच्या आधी त्याच्यावर प्रक्रिया करतो, तेवढ्यात बटण आणि उडीच्या मधे बारीकसा उशीर होतो. सिरीयल बघताना कळत नाही, मारिओत लगेच कळतं, खड्ड्यात पडलात की. जुन्या डब्यात तो उशीर जवळजवळ नाहीच. नवीनच असेल तर सेटिंगमध्ये गेम मोड चालू करा, बराच फरक पडतो.

आणि डक हंट गेममधलं बदकं मारायचं पिस्तूल तर नवीन टीव्हीवर चालतच नाही. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, पिस्तुलाच्या नळीतला सेन्सर तो उजेड बघतो, ते सगळं जुन्या टीव्हीच्या टायमिंगवरच अवलंबून आहे.

माझी मुलगी सात वर्षांची आहे, देऊ का? अभ्यास आणि डोळे?

द्या, पण वेळ ठरवून. आमच्या घरी लहानपणी नियम होता की सातच्या बातम्या लागायच्या आत बंद, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. इथे शनिवारच्या शनिवारी, प्रत्येकाला तीन लाईफ, मग रिमोट पुढच्याला. टीव्हीपासून लांब बसायचं. या गेममध्ये रक्त नाही, शिव्या नाहीत, विकत घ्यायला काही नाही, अनोळखी माणूस बोलायला येत नाही. आई-वडिलांना माझी एकच विनंती, शेजारी बसा आणि तुम्ही पण एक चान्स घ्या.

मला वर्ल्ड ४ च्या पुढे जमतच नाही. काय करू?

सेव्ह नाही त्यामुळे दर वेळी पहिल्यापासून, हे खरंच जड जातं. पण एक गोष्ट आम्हाला लहानपणी कोणी सांगितली नाही: गेम ओव्हर झाल्यावर पहिल्या स्क्रीनवर ए दाबून धरा आणि मग स्टार्ट दाबा, ज्या वर्ल्डमध्ये मेलात त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून सुरू होतं. हे मला तिशी उलटल्यावर कळलं. त्या दिवशी पहिला फोन दादाला केला, तो बराच वेळ काही बोललाच नाही.

४-४ चा किल्ला तेच तेच फिरवतो, तिथे रस्ता चुकलात की गेम तुम्हाला मागे टाकतो, योग्य वाट वर-खाली बदलत बदलत शोधावी लागते. कागदावर लिहून ठेवा. ७-४ मध्ये पण तसंच.

ड्रॅगनला गोळ्या मारायच्या की मागून कुऱ्हाड घ्यायची?

कुऱ्हाड घेतली की पूल कोसळतो, सोपं पडतं. पण एकदा तरी पाच गोळ्या मारून बघा, पहिल्या सात किल्ल्यांतला ड्रॅगन खोटा आहे, मेला की खरं रूप दिसतं, पहिल्या किल्ल्यातला तर साधा गुम्बा निघतो!

हा आवडला तर पुढे काय खेळू?

१९८८ चा सुपर मारिओ ब्रदर्स ३, मग १९९० चा सुपर मारिओ वर्ल्ड, याच क्रमाने. १९८६ चा जपानी दुसरा भाग फार कठीण आहे, त्याच्यात विषारी मशरूम पण आहेत, तो शेवटी ठेवा. फोनवर हवा असेल तर २०१६ चा सुपर मारिओ रन आहे, त्याच्यात मारिओ आपोआप पळतो आणि तुम्ही फक्त टॅप करून उडवता, चांगला केलाय, पण अंगठ्याखाली खरं बटण नाही ते नाहीच.

तू शेवटपर्यंत गेलास का? शेवट काय आहे?

लहानपणी एकदा ८-४ पर्यंत पोचलो होतो, मे महिन्याची दुपार, गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या आणि हॉलमध्ये आम्ही अकरा पोरं. ८-४ मध्ये चुकीच्या पाईपमध्ये गेलं की मागे येतो, ते सगळं पार करून दादा हातोडेवाल्या कासवासमोर उभा होता, त्याच्या मागे शेवटचा ड्रॅगन, आणि लाईट गेली. अकरा पोरांपैकी एकानेही तोंडातून आवाज काढला नाही.

पूर्ण केला तो इथे सिडकोत, दोन वर्षांपूर्वी, दादा दिवाळीला आला होता तेव्हा. तो मारिओ, मी लुईजी. माझ्या सगळ्या लाईफ सातव्या वर्ल्डमध्ये गेल्या, त्याने पुढे नेला आणि ८-४ ला शेवटची एकच लाईफ होती. राजकन्या आली, इंग्लिश ओळी आल्या, या वेळी भाचीने मोठ्याने वाचून दाखवल्या. मला वाटलं संपलं. पण त्याच्यानंतर बी दाबलं की गेम पुन्हा सुरू होतो आणि दुसऱ्या फेरीत सगळ्या गुम्बांच्या जागी काळे टणक किडे येतात ज्यांना गोळ्या लागतच नाहीत, आणि वेग पण जास्त. दादा सोफ्यावर जरा पुढे सरकला, घड्याळात बघितलं, रात्रीचे पावणेबारा झाले होते, आणि रिमोट माझ्या हातात देऊन म्हणाला, "चल, आता तू मारिओ."